जांभळ्या रेघांचा घेवडा

गल्लीत तिला सगळे पडदेवाली म्हणत. तिला खरं नाव होतं, पण ते दवाखान्यात केसपेपर काढताना नाहीतर मतदानाच्या रांगेतच कामाला यायचं. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, पडदे शिवायचे आणि स्टुलावर चढून स्वतःच्या हातानं लावून द्यायचे, हा तिचा धंदा. कुणाच्या भिंतीला ओल आहे, कुणाच्या घरी नवरा-बायकोची अंथरुणं दोन खोल्यांत पडतात, हे तिला सगळं दिसायचं, पण त्यातलं अक्षर बाहेर जायचं नाही. आणि कापडाच्या बाबतीत तर तिचा हात इतका स्वच्छ, की उरलेली बोटभर चिंधीसुद्धा ती घडी घालून गिऱ्हाइकाला परत करायची.

"अगं, ठेव की तुला, पुसायला होईल," असं कुणी म्हटलं तर ती म्हणायची, "तुमचं तुमच्याकडे बरं. आज चिंधीवर जीव जडला तर उद्या पडद्यावर जडेल."

लोक हसायचे. तीही हसायची. आपण खऱ्या आहोत याचा तिला आतून फार अभिमान होता. दुसरा अभिमान बाळगावा असं तिच्याजवळ काही नव्हतंही.

तिचं लहानपण एका चपलांच्या दुकानावरच्या खोलीत गेलं होतं. तिथं माती म्हणजे चपलेच्या तळाला चिकटून येते ती. लग्न होऊन या घरात आली तेव्हा मागच्या बोळाला लागून असलेलं अंगण बघून ती हरखून गेली. नवरा बस डेपोत मेकॅनिक, त्याला त्या अंगणात जुने टायर ठेवायचे होते. ती म्हणाली, "टायरबियर काही नाही, मी इथं बाग करणार."

बाग काही झाली नाही. टोमॅटो लावले, पानं गुंडाळून काळी पडली. मिरची लावली, ती वीतभर वाढून रुसली. दर वसंतात ती नव्या उमेदीनं माती उकरायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी अंगण पुन्हा बोडकं. नवरा म्हणायचा, "तुझ्या हाताला सुई मानवते, खुरपं नाही. बस की आता." तो चेष्टेनं म्हणायचा, पण तिला ते सुईसारखंच टोचायचं.

टोचायचं, कारण कमरेएवढ्या भिंतीपलीकडे सुईणमावशींची बाग होती.

सुईणमावशींनी अर्धी गल्ली जन्माला घातली होती, म्हणजे स्वतःच्या हातांनी जगात ओढून आणली होती. पडदेवालीची आता सासरी गेलेली लेकही त्यांच्याच हातांतली. बाई एकटी, धिप्पाड, आणि आवाज असा की त्यांनी कळा देणाऱ्या बाईला "जोर लाव!" म्हटलं की शेजारच्या घरातली माणसंसुद्धा दम धरून बसायची. गल्लीतले लोक म्हणायचे, "भिंतीच्या एका बाजूला सुईवाली, दुसऱ्या बाजूला सुईण." बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली तसं मावशींनी सगळं लक्ष बागेकडे वळवलं. डेलियाची फुलं ताटाएवढी. निशिगंध असा की संध्याकाळी वास भिंत ओलांडून यायचा. मागच्या दाराशी कमानीवर चढवलेला जुना गुलाब, मावशी या घरात राहायला आल्या त्या वर्षी लावलेला. आणि मांडवावर घेवडा. साधा नाही, शेंगांवर जांभळ्या रेघा असलेला. तो गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता, बाजारातही कधी दिसला नाही. मावशी दरवर्षी त्याचं बी धरायच्या आणि काचेच्या बरणीत राखेत घालून ठेवायच्या.

पडदेवालीनं एकदा धीर करून मागितलं. "मावशी, मूठभर बी द्या ना तुमच्या घेवड्याचं."

"आधी पुदिना जगवून दाखव," मावशी भिंतीपलीकडून गरजल्या. "पुदिना! जो गटाराच्या कडेला उगवतो तो! तोसुद्धा मारलास तू मागच्या वर्षी. माझं बी काय तुझ्याकडे मरायला पाठवू?"

मागच्या बोळातून बेकरीवाल्याची बायको चालली होती, तिनं ऐकलं आणि ती फिस्सकन हसली. पडदेवालीही हसली, पण घरात जाऊन मशीनवर बसली तेव्हा तिचे कान तापले होते. त्यानंतर तिनं कधी काही मागितलं नाही.

थंडी सुरू होता होता मावशी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या शहरातून त्यांचा भाचा आला आणि गाडीत घालून त्यांना घेऊन गेला. जाताना त्यानं घराची किल्ली पडदेवालीच्या हातात दिली. "वहिनी, तेवढं लक्ष ठेवा. मावशीनंच सांगितलंय, किल्ली तिच्याकडेच दे म्हणून. चिंधी परत करणारी बाई आहे म्हणाली."

पडदेवालीला ते ऐकून बरं वाटलं. ती सगळी थंडी दर आठवड्याला जाऊन खिडक्या उघडायची, झाडायची, नळाची गळती बघायची. मध्ये एकदा भाच्याला फोन केला तेव्हा तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "चालणं काही जमत नाहीये. आता ती परत एकटी राहायला येईल असं काही वाटत नाही, वहिनी."

एवढंच तो बोलला. पण हे वाक्य पडदेवालीच्या मनात जाऊन बसलं आणि तिथं त्याला हळूहळू अंकुर फुटायला लागले.

थंडी ओसरली. सकाळचं ऊन मऊ झालं, मातीला वास आला. मावशींच्या अंगणात वाफे तसेच पडून होते, वर सुकलेल्या काड्या. एका दुपारी ती खिडक्या उघडायला गेली आणि मागच्या पडवीत गेली. फळीवर ती बरणी होती. तिनं झाकण उघडलं, राखेत बोट घातलं. बिया टपोऱ्या होत्या, गुळगुळीत, पोटावर एकेक जांभळा फराटा.

'एवढ्या बियांना आणखी वर्षभर कोण विचारणार,' तिच्या मनात आलं. 'बी जुनं झालं की उगवत नाही. वाया जाण्यापेक्षा मातीत गेलेलं काय वाईट?'

तिनं मूठभर बिया पदराच्या टोकाला बांधल्या. घरी येईपर्यंत तिनं पदर मुठीत धरला होता, पण घरी कुणी नव्हतंच. तिनं वाफा केला, मावशी करायच्या तशीच बोटानं भोकं पाडली. आठवड्याभरात बियांनी मान वर काढली. सगळ्याच्या सगळ्या! तिच्या हातून पहिल्यांदा काहीतरी उगवलं होतं. ती वाफ्यापाशी उकिडवी बसून राहिली. तिला इतका आनंद झाला की चोरी वगैरे शब्द जवळपासही फिरकला नाही.

मग डेलियाचे कंद. ते पडवीतल्या खोक्यात कोरड्या वाळूत पुरलेले होते. 'हे तर कुजूनच जातील,' असं म्हणत तिनं ते आणले. मग निशिगंधाचे गड्डे. ते मातीतच होते, ते खणून काढले. मग पुदिन्याचा पसारा मुळासकट, खतानं भरलेली टोपली, मांडवाच्या काठ्या. दर दुपारी थोडं थोडं. मशीनवर गिऱ्हाइकांचे पडदे पडून राहायला लागले. नवरा म्हणाला, "एवढं सगळं आणलंस कुठून?" ती म्हणाली, "मावशींकडचंच आहे. त्या आता येत नाहीत. भाचा म्हणालाय." भाचा 'वाटत नाही' एवढंच म्हणाला होता. नवऱ्यानं खांदे उडवले आणि हात धुवायला गेला.

सगळ्यात शेवटी गुलाब. तो खरं तर तिनं सोडून द्यायला हवा होता. पण आता तिच्या दाराशी सगळं होतं, फक्त कमानीवर चढलेला गुलाब नव्हता. तिनं कुदळ घेतली. मुळं खोल, मनगटाएवढी जाड, दगडांत शिरलेली. खणून खणून ती घामाघूम झाली, पण झाड हलेना. रागाच्या भरात तिनं सगळा भार टाकून खोड ओढलं आणि ते कडकन मोडलं. अर्धी मुळं खाली राहिली. उरलेलं खोड तिनं आपल्या अंगणात लावलं, पाणी घातलं, सावली केली. आठ-दहा दिवसांत ते करपून काळं पडलं. तिनं ते तुकडे करून जाळलं. त्या दिवशी तिला नीट जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी डेलियाला पहिली कळी दिसली आणि ती गुलाब विसरली, किंवा तिनं विसरायचं ठरवलं.

उन्हाळा लागता लागता तिचं अंगण पाहणाऱ्यानं थांबावं असं झालं. बेकरीवाल्याची बायको रोज थांबायची. "काय गं बाई हे! तुझा हात तर मारका म्हणायचे ना?"

"हात कुणाचा मारका नसतो," पडदेवाली म्हणायची. "माती समजून घ्यावी लागते. झाडाशी बोलावं लागतं."

हे वाक्य तिनं कुठं ऐकलं होतं देव जाणे. पण एकदा बोलल्यावर ते तिला आवडलं आणि ती ते सगळ्यांना ऐकवायला लागली. शाळेतल्या बाईंनी तर मुलांना बाग दाखवायला आणलं. पडदेवाली त्यांच्यापुढे उभी राहून बी कसं धरावं, राखेत का ठेवावं, हे समजावून सांगत होती. मुलं तोंड उघडी टाकून ऐकत होती. इतक्या वर्षांत तिला असं कुणी ऐकलं नव्हतं.

आणि मग एका सकाळी गल्लीत टॅक्सी थांबली आणि तिच्यातून सुईणमावशी उतरल्या.

उतरल्या म्हणजे भाच्यानं काखेत धरून उतरवल्या. हातात लोखंडी वॉकर. अंग निम्मं झालेलं. भाचा म्हणाला, "ऐकतच नाही. मरेन तर माझ्या घरात म्हणते. वहिनी, तुम्ही आहात म्हणून मी सोडून जातोय." पडदेवालीचं सगळं लक्ष मागच्या अंगणाकडे लागलं. तोंडानं मात्र ती म्हणाली, "या ना मावशी, या. किती वाट बघितली."

मावशी घरातून सरळ मागच्या दारी गेल्या. वॉकर टकटक वाजत होता. दारात त्या थांबल्या. भिंतीपलीकडे नेमक्या धुतलेल्या चादरी वाळत होत्या. समोर खड्डे. वाफ्यांच्या जागी उकरलेली माती, आणि कमानीखाली मोठं भगदाड.

त्यांनी दाराची चौकट धरली. मग म्हणाल्या, "काय झालं गं हे?"

"घुशी," पडदेवाली म्हणाली. तिला स्वतःलाच कळलं नाही तो शब्द कुठून आला. "घुशींनी फार उच्छाद मांडला मावशी. सगळं पोखरलं. मी विष ठेवलं, पिंजरा लावला…"

"घुशी," मावशी म्हणाल्या. "गुलाबही?"

"मुळं कुरतडली त्यांनी."

मावशींनी मान हलवली आणि त्या आत वळल्या.

दोन्ही अंगणांमधली भिंत उभ्या माणसाच्या कमरेएवढीच होती, पण मावशी आता पलंग ते खुर्ची आणि खुर्ची ते पलंग एवढ्याच जगात होत्या. पडदेवालीनं त्यांची खुर्ची पुढच्या खिडकीशी ठेवली. "रस्ता दिसतो, वेळ जातो," असं म्हणाली. ती रोज सकाळी जायची, मावशींना उठवून बसवायची, न्हायला घालायची, केस विंचरायची, जेवण नेऊन द्यायची. गल्ली म्हणायची, पोटची पोर करणार नाही एवढं करते. ते ऐकलं की ती भराभर घरी निघायची. पूर्वी डेलिया दुरून दिसावा म्हणून तिनं कुंपणावरच्या फांद्या छाटल्या होत्या; आता तो कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तिनं वाळत घातलेल्या चादरी दिवसभर दोरीवरच ठेवायला सुरुवात केली.

चादरींनी बाग लपते, बेकरीवाल्याच्या बायकोचं तोंड नाही. एका संध्याकाळी ती मावशींना भेटायला आली आणि म्हणाली, "मावशी, घरात काय कोंडून घेतलंय? चला, तुमच्या शेजारणीनं काय चमत्कार केलाय तो दाखवते." आणि पडदेवाली हातातला चहा ठेवून "अहो, नको, दमतील त्या" म्हणेपर्यंत तिनं मावशींना वॉकर हातात देऊन उभंसुद्धा केलं होतं.

पडदेवाली मागोमाग गेली. दुसरं काय करणार? बेकरीवाल्याच्या बायकोनं चादर बाजूला केली.

डेलिया ऐन बहरात होता. निशिगंधाला दांडे आले होते. मांडवावर घेवडा लगडला होता आणि तिरप्या उन्हात प्रत्येक शेंगेवरची जांभळी रेघ स्पष्ट दिसत होती, जणू कुणी एकेक शेंग हातात धरून पेनानं आखली असावी. मांडवाच्या काठ्यांनाही मावशींच्याच हातच्या सुतळीच्या गाठी होत्या. पडदेवालीनं त्यासुद्धा सोडल्या नव्हत्या.

मावशी मांडवाजवळ गेल्या. एक शेंग बोटांत धरली, तिच्यावरून अंगठा फिरवला. पडदेवाली आता आवाज फुटायची वाट बघत होती. तो आवाज, ज्यानं अख्खी गल्ली दम धरायची. तिनं डोळे मिटून घेतले.

"छान आलाय," मावशी हळू म्हणाल्या. "मेहनत घेतलीय पोरीनं."

"मग! मी म्हटलं नव्हतं?" बेकरीवाल्याची बायको म्हणाली. "आणि हो, घुशीसुद्धा कशा शहाण्या बघा मावशी. तुमचं सगळं खाल्लं, भिंत ओलांडून इकडे काही आल्या नाहीत!"

ती हे भाबडेपणानं बोलली की मुद्दाम, हे पडदेवालीला शेवटपर्यंत कळलं नाही. मावशी म्हणाल्या, "दमले मी. घरी ने मला."

त्या दिवसापासून पडदेवालीच्या जिवाला चैन पडेना. मावशींनी तिला बोल लावला असता तर ती रडली असती, पाया पडली असती, काहीतरी वाट निघाली असती. पण मावशी गोड बोलायला लागल्या. आंघोळीचं पाणी गार असलं तरी "असू दे गं, चालतंय." जेवण खारट झालं तरी "छान झालंय हो." ती उठून निघाली की "थँक्यू बाई." मावशींच्या तोंडी थँक्यू! ही तीच बाई, जी बाळंतिणीच्या सासूला "हो बाजूला!" म्हणून खोलीबाहेर हाकलायची. पडदेवालीला वाटायचं, आपण या बाईच्या घरातून बागेबरोबर आणखीही काहीतरी उचलून नेलंय.

मशीनवर बसली की शिलाई वाकडी जायची. एका गिऱ्हाइकानं उरलेली चिंधी परत घेताना "तुझ्यासारखी प्रामाणिक बाई नाही बघ" म्हटलं, तर ती पैसे न घेताच तिथून निघाली.

शेवटी एका सकाळी मावशींचे केस विंचरता विंचरता तिचा हात थांबला.

"मावशी, तुम्हाला कळलंय ना?"

मावशी पाठमोऱ्या होत्या. "काय?"

"घेवडा. डेलिया. सगळं. घुशी नव्हत्या. मीच होते."

"हं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? माझ्या मुस्काटात का नाही मारलीत?"

मावशींनी मान वळवली नाही. मग त्यांनी जे सांगितलं त्याची पडदेवालीनं स्वप्नातही कल्पना केली नव्हती. तिला वाटलं होतं, मावशी थोर मनाच्या आहेत, त्यांनी पोटात घातलं.

"तुझ्याशी भांडून मला परवडेल का?" मावशी म्हणाल्या. आवाज साधा होता, हिशेब सांगावा तसा. "सकाळी मला उठवून कोण बसवतं? तू. संडासला कोण नेतं? तू. तुला राग आला आणि तू यायची थांबलीस, तर भाचा मला दुसऱ्या दिवशी उचलून नेईल. त्याच्या घरी मी एका खोलीत असते. खिडकी भिंतीकडे आहे. म्हणून म्हटलं, जाऊ दे. घेवडा गेला तर गेला." मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "गुलाबाचं मात्र वाईट वाटलं."

पडदेवालीच्या हातातून फणी पडली. आजवर तिला आपण चोर आहोत याची लाज वाटत होती. आता कळलं की ती नुसती चोर नव्हती. एवढ्या दांडग्या बाईला तिनं भीती दाखवली होती, तोंडानं एक शब्द न बोलता. आणि ती बाई महिनाभर तिच्या हातून गार पाणी अंगावर घेत "चालतंय" म्हणत होती. तिला वाटलं, जमीन दुभंगावी. जमीन काही दुभंगत नाही. तिनं फणी उचलली, वेणी पुरी घातली आणि ती बाहेर पडली.

बेकरीसमोर सकाळची गर्दी होती. पाव घ्यायला आलेल्या बायका, शाळेतल्या बाई, दोन-चार पुरुष. पडदेवाली काउंटरपाशी गेली आणि पाव न मागता म्हणाली, "मला एक सांगायचंय."

"माझी बाग माझी नाहीये. ती सुईणमावशींची आहे. त्या आजारी असताना मी किल्ली वापरून सगळं काढून आणलं. त्यांचा गुलाब मी मोडला. घुशीबिशी काही नव्हत्या."

भट्टीत ट्रे सरकवल्याचा आवाज तेवढा आला. शाळेतल्या बाईंनी नजर खाली घातली; त्यांना बाग बघायला नेलेल्या मुलांची आठवण झाली असावी. मग मागून एक म्हातारा खोकल्यासारखं हसला. "म्हणजे घूस होती की. दोन पायांची."

सगळे हसले. बेकरीवाल्याची बायकोही. पडदेवाली हसली नाही. ती मान खाली घालून उभी राहिली, हसणं थांबेपर्यंत, आणि मग परत फिरली. घरी नवरा दारातच होता; बातमी तिच्या आधी पोचली होती. "हे बोलायची काय गरज होती चारचौघांत?" तो म्हणाला. "आता डेपोत मला तोंड कसं दाखवू?"

ती मावशींकडे गेली आणि दारात उभं राहून म्हणाली, "मावशी, मी बेकरीत सगळ्यांना सांगून आले. आणि मी रोज येणार आहे. तुम्ही मला काहीही बोललात तरी येणार आहे. पाणी गार असलं तर सांगा."

मावशींनी तिच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग छातीत हवा भरून घेतली.

"अगं मेले!" त्या ओरडल्या आणि रस्त्यावरचा माणूस सायकलवरून उतरला. "निशिगंधाच्या गड्ड्यांना एवढं पाणी घालतात का? कुजवशील ते! आणि डेलियाचा शेंडा कोण खुडणार, मी? चोरायची अक्कल आहे, वाढवायची नाही! गुलाब ओढतात का असा? पोराचं डोकं अडकलं की ओढतात का? आं? बत्तीस वर्षांचं झाड होतं ते, शिंदळीचे! आणि हो, महिनाभर मी गार पाण्यानं न्हातेय!"

त्या बोलत राहिल्या. दम लागला की थांबायच्या, आणि पुन्हा सुरू. पडदेवाली दाराला टेकून ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिनं पुसलं नाही.

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. पावाच्या रांगेत ती दिसली की कुणीतरी हळूच "घूस आली" म्हणायचं. ज्या घरांनी तिला किल्ल्या दिल्या होत्या त्यांतल्या काहींनी त्या परत मागून घेतल्या. एका जुन्या गिऱ्हाइकानं कापड देताना तिच्यासमोरच टेप काढून मोजलं. तिला ते सुरीसारखं लागलं, पण तिनं टेपचं दुसरं टोक धरून मोजायला मदत केली.

आणलेली झाडं परत नेऊन लावावीत असं तिला वाटत होतं, पण मावशी म्हणाल्या, "भर उन्हात उपटलंस तर उरलंसुरलंही मारशील. राहू दे तिथंच." मग तिनं मावशींचं अंगण खणलं, खड्डे बुजवले, वाफे केले. मावशी दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि ओरडायच्या. बरणीत उरलेलं बी हंगाम उलटून गेल्यावर लावलं, त्याला थोड्याशाच शेंगा आल्या, त्याही किडक्या. पडदेवालीच्या मांडवावरची प्रत्येक शेंग ती टोपलीत घालून मावशींकडे नेत होती. स्वतःच्या घरी तिनं ती भाजी एकदाही केली नाही. पानं वठली तेव्हा सगळे कंद, सगळे गड्डे खणून, धुऊन मावशींच्या पडवीत वाळूत ठेवले. कमानीखाली लावायला तिनं रोपवाटिकेतून एक गुलाब आणला होता. मावशींनी त्याच्याकडे बघून मान फिरवली. "तिथं नको. दुसरीकडे कुठं तरी लाव." कमान रिकामीच राहिली. तिच्यावर कधी काही चढवायचं, हे मावशींनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. माफीचंही तसंच. ती शब्द काढत नव्हती, त्याही काढत नव्हत्या.

पुन्हा थंडी ओसरली. पडदेवाली मावशींच्या अंगणात सकाळ-संध्याकाळ राबत होती, आणि तिचं स्वतःचं अंगण मात्र उघडं पडलं होतं. नवऱ्यानं संधी साधून तिथं दोन टायर आणून ठेवले होते.

मावशींनी आता वॉकरवरून भिंतीपर्यंत यायला सुरुवात केली होती. एक दिवस त्यांनी पलीकडे डोकावून पाहिलं. "हे काय? टायर पिकवणार का यंदा?"

"मला नाही लावायचं काही, मावशी."

"का?"

पडदेवाली माती हातात घेऊन उगाच चुरत राहिली. "तिथं वाकले की लाज वाटते. वाटतं, सगळे बघताहेत."

"बघणारच," मावशी म्हणाल्या. "तू काम तसं केलंयस. मी मरून गेले तरी गल्ली बघतच राहील. म्हणून काय अंगण ओसाड ठेवणार? लाज वाटते तर वाटू दे. वाटत वाटतच लाव."

"माझ्या हातून उगवत नाही."

"नाही उगवत तर नाही उगवत! पण तुझं तू लाव."

त्या दुपारी तिनं टायर भिंतीशी लोटले, वाण्याकडून धने आणले, पाटीवर चपलेनं रगडून एकेकाच्या दोन फाका केल्या आणि एका कोपऱ्यात पेरले. बोळातून बेकरीवाल्याची बायको चालली होती. ती थांबली आणि पुढे गेली. पडदेवालीचे कान तापले, पण ती उठली नाही. धन्यांवर माती सारून तिनं झारीनं हळू पाणी घातलं.

कोथिंबीर उगवली, पण विरळ. मध्ये मोठमोठ्या टकल्या जागा, आणि काडी नाजूक, पिवळसर. मावशींनी भिंतीवरून पाहिलं आणि म्हणाल्या, "कसली ही! मांजराच्या मिश्यांसारखी!"

"हो ना," पडदेवाली म्हणाली आणि तण काढायला खाली वाकली.